लोकेशन बॉक्सच्या आतून

कुठल्याही खात्यात नव्या उमेदवाराला पहिल्या दिवशी चहा आणायला पाठवतात. सिग्नल खात्यात चहाबरोबर मेमोही पाठवतात. चहा गार झाला तर कुणी फार बोलत नाही. मेमो सहीविना परत आला, तर मात्र अख्खी टोळी हातावर हात ठेवून बसते.

हा मेमो म्हणजे टी ३५१. सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा), सिग्नल, ट्रॅक सर्किट, फाटकाचं कुलूप यांतल्या कशालाही हात लावायचा असेल, तर मेंटेनरनं आधी स्टेशन मास्तरांना लिहून द्यायचं: अमुक नंबरचा सांधा मी डिस्कनेक्ट करतोय, त्यामुळे अमुक सिग्नल देता येणार नाहीत. मास्तरांनी वेळ टाकून सही केली की तो सांधा कागदोपत्री मेला. काम झालं, मास्तरांबरोबर चाचणी झाली, की रिकनेक्शनची सही, आणि सांधा पुन्हा जिवंत. उमेदवारीचे सुरुवातीचे आठवडे माझे यार्डाच्या टोकापासून मास्तरांच्या खोलीपर्यंत आणि तिथून परत, खडीवरून चालण्यात गेले. आयटीआयमध्ये शिकलेलं इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा कशालाच उपयोगी पडलं नाही. बूट तेवढे झिजले.

मास्तर सही सहजासहजी देत नाहीत, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच असतं. गाड्या खोळंबल्या की कंट्रोलचा फोन आधी त्यांच्या कानाशी वाजतो. ‘आता नाही, मेल गेल्यावर ये.’ मेल गेली की मालगाडी, मालगाडी गेली की पॅसेंजर. मी ज्यांच्या हाताखाली पडलो ते मेंटेनर निवृत्तीला आले होते. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. सही येईपर्यंत काका लोकेशन बॉक्सपासून, म्हणजे रुळाकडेच्या वायरींच्या पेटीपासून, दोन हात लांब दगडावर बसून राहायचे आणि पेटीचं कुलूपसुद्धा काढायचे नाहीत. माझ्याबरोबरच्या एका मुलाला हे बघवेना. ‘काका, तोवर झाकण उघडून टर्मिनलं पुसून ठेवू का? नुसती धूळ तर झटकायचीय.’ काकांनी विचारलं, ‘फडकं एखाद्या वायरीत अडकलं तर कुठला रिले पडेल, सांग.’ त्याला सांगता येईना. ‘मग बस.’

बाहेरच्यांना वाटतं की सिग्नलवाल्याचं काम म्हणजे लाल दिवा हिरवा करून देणं. आत शिरल्यावर कळतं की आम्हाला शिकवतात ते सिग्नल लाल कसा राहील ते. खात्यातलं सगळं शहाणपण, सगळ्या भांडणांचं मूळ आणि बहुतेक किस्सेही तिथेच आहेत.

उमेदवारांना ठरलेला एक प्रश्न असतो, आणि बहुतेक जण त्यावर आडवे होतात. रुळावर गाडी नाही, तेव्हा ट्रॅक रिले उचललेला असतो की पडलेला? नवखा सांगतो, पडलेला. गाडी आली की उचलला जात असणार. असतं नेमकं उलटं. ट्रॅक सर्किटात रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना फायबरच्या सांध्यांनी वेगळा काढलेला असतो. एका टोकाला बॅटरीचा थोडासा प्रवाह सोडतात, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे प्रवाहानं उचलला जाणारा स्विच. प्रवाह रुळांतून फिरत राहतो आणि रिले उचलून धरतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, प्रवाह तिथूनच परत फिरतो, आणि दोर सुटलेल्या पोहऱ्यासारखा रिले स्वतःच्या वजनानं खाली येतो. सिग्नल लाल. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी माणसानं १८७२ साली ही युक्ती बसवली. दीडशे वर्षांत तिच्याभोवती पुष्कळ काही बदललं, मूळ कल्पना तीच राहिली.

तिची गंमत अशी की रूळ मोडला, वायर तुटली, बॅटरी बसली, कुणी केबल कापून नेली, काहीही झालं तरी निकाल एकच: रिले पडतो, सिग्नल लाल होतो. क्यू मालिकेच्या रिलेत तर एका बाजूचा कॉन्टॅक्ट कार्बनचा ठेवलेला असतो, कारण धातूला धातू ठिणगीनं चिकटू शकतो आणि रिले वरच अडकून बसू शकतो. कार्बन चिकटत नाही. प्लॅटफॉर्मवर ज्याला ‘सिग्नल यंत्रणेतील तांत्रिक बिघाड’ म्हणून जाहीर करतात, त्यातला मोठा भाग म्हणजे यंत्रणेनं तिला शिकवलेलं नेमकं केलेलं असतं. ‘मला खात्री नाही, म्हणून गाडी थांबवते,’ इतकंच तिचं म्हणणं. अर्थात हे आठ-सोळाच्या गर्दीत दारात लटकलेल्या माणसाला सांगायला मी जाणार नाही.

लाल होण्याची कारणं शोधत फिरणं म्हणजे आमची नोकरी. पुस्तकात ती कारणं सुटसुटीत लिहिलेली असतात. प्रत्यक्षात लोकेशन बॉक्स उघडावा तर आत मुंग्यांचं वारूळ, फ्यूजच्या दोन टोकांवर आडवी होऊन जळलेली पाल, उंदरानं सोललेली वायर, आणि पावसाळ्यात कधी सापाची कात, कधी खुद्द साप. म्हणून झाकण उघडण्याआधी त्यावर स्पॅनरनं दोनदा ठोकायचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम. प्लॅटफॉर्मच्या लायनीतल्या कामाबद्दल तर जेवताना बोलायची सोयच नव्हती. उभ्या गाडीतून जे खाली पडायचं त्यात रूळ एकमेकांना जोडणाऱ्या बाँड वायरी गंजायच्या आणि त्या उपसून नव्या ठोकायला उमेदवारांनाच उतरवत. बायो-टॉयलेट आल्यावर प्रवाशांना किती फरक पडला ठाऊक नाही. सिग्नलच्या खलाशांनी, म्हणजे मदतनिसांनी, तेव्हा मनातल्या मनात पेढे वाटले.

सगळ्यात बेकार बिघाड म्हणजे आपण पोचेपर्यंत आपोआप बरा होणारा. मला मिळालेला असा एक भुसावळ-जळगावकडच्या एका लहान स्टेशनातला. मे महिना, पारा ४५ च्या आसपास. भर दुपारी एक ट्रॅक सर्किट जायचं, मास्तर बिघाडाचा मेमो द्यायचे, टोळी पुढच्या गाडीनं निघायची, आणि पोचेस्तोवर ऊन कललेलं, सर्किट ठणठणीत. रजिस्टरात काय लिहिणार? ‘गेलो तेव्हा ठीक होतं.’ असं तिसऱ्यांदा लिहिल्यावर साहेबांचं डोकं फिरलं. मग काकांनी तोडगा काढला. मला छत्री, पाण्याचा कॅन आणि मल्टिमीटर देऊन त्या सर्किटाच्या टोकाशी रुळाबाहेर बसवलं. सूचना एवढीच: ‘कशाला हात लावू नको. बघ आणि लिही.’

बसलो. अंगावरचा घाम वाळून शर्टावर मिठाचे नकाशे उमटले. ऊन चढेल तसा आकडा हळूहळू हलू लागला आणि मग रिलेचा व्होल्टेज धपकन खाली आला. गाडी कुठेच नव्हती. काका आले, गुडघ्यावर बसले आणि ब्लॉक जॉइंटकडे डोळे बारीक करून बघत राहिले. ब्लॉक जॉइंट म्हणजे दोन सर्किटांच्या मधला इन्सुलेशनचा सांधा. रुळाच्या दोन टोकांमध्ये फायबरचा पातळ तुकडा असतो. चाकांच्या माराखाली रुळाच्या डोक्याचं पोलाद थोडं थोडं पुढे सरकतं आणि त्याचा पातळ ओठ तयार होतो. सकाळी त्या दोन ओठांमध्ये कागद जाईल एवढी फट असायची. दुपारी रूळ प्रसरण पावले की ओठाला ओठ लागायचा. शेजारच्या दोन सर्किटांची धन-ऋण टोकं मुद्दाम उलटसुलट ठेवलेली असतात. सांध्यातून ती एकमेकांत मिसळली तर प्रवाह एकमेकांना मारतो आणि रिले पडतो. म्हणजे इथेही यंत्रणा दुपारभर खरंच सांगत होती.

पण किस्सा इथे संपत नाही, इथून सुरू होतो. रूळ आमचा नाही, तो पी-वेचा, म्हणजे इंजिनिअरिंग खात्याचा. बिघाड मात्र सिग्नलच्या नावावर चढलेला. मग दोन्ही खात्यांची माणसं त्या सांध्याभोवती उभी राहिली आणि संयुक्त टिपण लिहायला घेतलं. पी-वेचे मुकादम म्हणाले, फायबर तुमचं चेपलंय. काका म्हणाले, ओठ तुमचा वाढलाय. ओठ कानशीनं घासायला थोडाच वेळ लागला असेल. टिपणातली वाक्यं ठरायला अख्खी संध्याकाळ गेली. रेल्वेत बिघाड दुरुस्त होतो पटकन. तो कुणाचा, हे ठरायला वेळ लागतो.

ट्रॅक सर्किट आपोआप सुरक्षित आहे असं वाटायला लागलं की काका त्यावर पाणी ओतायचे. लूप लाइन, म्हणजे मेन लाइनच्या बाजूची लायन, बरेच दिवस वापरात नसली की रुळाच्या माथ्यावर गंजाचा पापुद्रा चढतो. अशा लायनीवर हलकं वाहन आलं तर चाक आणि रूळ यांचा नीट स्पर्शच होत नाही, आणि उभ्या गाडीखालीही रिले उचललेला राहू शकतो. म्हणूनच शंट टेस्ट असते: अर्ध्या ओहमचा रोध रुळांवर आडवा टाकायचा, रिले पडला पाहिजे. दुसरी मेख तपासणीच्या ढकलट्रॉलीची. तिची चाकं मुद्दाम इन्सुलेट केलेली असतात, नाहीतर ती जाईल तिथे सिग्नल लाल होत जातील. याचा दुसरा अर्थ असा की ट्रॉलीवर बसलेला साहेब सिग्नल यंत्रणेला दिसतच नाही. ही माहिती आम्हा उमेदवारांना फार आवडली होती.

काकांच्या खिशात कायम पोलादाचा एक तुकडा असायचा, ५ मिलिमीटर जाडीचा. सांधा बदलतो तेव्हा हलणारी जीभ मुख्य रुळाला घट्ट टेकली पाहिजे. ती टेकली आहे का, हे तपासायला जिभेच्या टोकापासून १५० मिलिमीटरवर हा तुकडा मध्ये धरतात आणि मोटार चालवतात. सांधा लॉक झाला नाही पाहिजे, मास्तरांच्या पॅनलवर सांधा बसल्याची खूण आली नाही पाहिजे. मोटार घरघरत राहते, क्लच घसरतो, आणि तो आवाज ऐकून मेंटेनरचा चेहरा खुलतो. दुसरा कुठला कारागीर यंत्र अडकलं म्हणून खूश होत असेल, मला माहीत नाही. आमच्याकडे त्या तुकड्यानिशी सांधा लॉक झाला, तर ती वाईट बातमी.

पावसाळ्यात तो तुकडा खडी होऊन येतो. गाडीच्या हादऱ्यानं एखादा दगड जिभेत येऊन बसतो, सांधा बसत नाही, मागे गाड्यांची रांग. भर पावसात सांधा हातानं फिरवायचं क्रँक हँडल घेऊन पळायचं. हँडल आत घालण्यासाठी झडप सरकवली की मोटारीची वीज आपोआप तुटते, म्हणजे आत हात असताना वरून कुणी बटण दाबलं तरी बोटं शाबूत राहतात. दगड काढायला काही क्षण पुरतात, पण तो कुठल्या सांध्यात आहे हे शोधायला, मेमोला आणि तिथवर चिखलातून पोचायला जो वेळ लागतो, त्याचाच हिशेब दुसऱ्या दिवशी वर द्यावा लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रूळ पाण्याखाली गेले की ट्रॅक सर्किटाला गाडी आणि पाणी यांतला फरक कळत नाही. सगळं लाल. त्या रात्रीच्या गोष्टी सांगणारे सीनिअर मला मुंबईत भेटले. त्यांच्यातला प्रत्येक जण पाण्याची पातळी स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायचा, आणि दरवर्षी तो हात थोडा वर सरकायचा.

मुंबईतल्या ट्रॅक सर्किटांची एक जात आता संपत आलीय. उपनगरी मार्गावर पूर्वी १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. लोकलच्या मोटारीतून आलेला तो प्रवाह रुळांतूनच परत जायचा, त्यामुळे डीसीवर चालणारं साधं ट्रॅक सर्किट तिथे चालणारच नव्हतं. परतीच्या प्रवाहानंच रिले उचलला गेला असता. म्हणून तिथे ८३⅓ हर्ट्झचं एसी सर्किट असायचं. हा विचित्र आकडा का? कारण तो पन्नासच्या कुठल्याच पटीत बसत नाही, म्हणून वीजपुरवठ्याच्या गोंधळाला तो आपला म्हणून घेत नाही. जुने लोक हा प्रश्न उमेदवारांना विचारून हैराण करायचे. मग टप्प्याटप्प्यानं २५,००० व्होल्टचा एसी आला, २०१६ पर्यंत हार्बरही बदलली, आणि आयुष्यभर जपलेली ती विद्या एकेका रात्रीत भंगारात गेली. तरी प्रश्न विचारायची सवय काही गेली नाही.

लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये थांबते, जरा वेळानं लाल सिग्नल असतानाच दबकत पुढे सरकते, हे अनेकांनी पाहिलं असेल आणि मोटरमननं सिग्नल तोडला म्हणून घाबरलेही असतील. ते नियमात आहे. ऑटोमॅटिक सिग्नलवर, म्हणजे ज्याच्या खांबावर ‘ए’ची पाटी असते त्यावर, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबून, पुढे अडथळा असणारच असं धरून अगदी हळू जायची मुभा असते. त्या एक-दोन मिनिटांमागे आमच्यापैकी कुणीतरी पेटी शोधत धावत असतो.

आता फोनचा किस्सा. स्टेशनाचं नाव सांगत नाही. संध्याकाळची वेळ, स्टार्टर, म्हणजे गाडी सुटायचा सिग्नल, हलत नव्हता, मागे तीन गाड्या. काका पेटीत वाकलेले, फोन माझ्या हातात. पलीकडून एक वरिष्ठ आवाज: ‘शोधत बसू नका. लूप मारा, गाड्या काढा, मग बघू.’ लूप मारणं म्हणजे जो कॉन्टॅक्ट मिळत नाही त्याच्या दोन टोकांना वायर टाकून रिलेला बाहेरून प्रवाह देणं. सिग्नलला खोटं बोलायला लावणं. मी फोन काकांच्या कानाला लावला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘साहेब, आवाज फाटतोय. मेसेज लिहून पाठवा.’ मेसेज आला नाही. तो कधीच येत नाही.

बिघाड निघाला तो एका ढिल्या फ्यूजचा. नवीन घातला, मास्तरांबरोबर चाचणी झाली, गाड्या सुटल्या. त्या दिवशी लूप मारला असता तरी काहीही झालं नसतं, आणि मला त्यातलं हेच जास्त घातक वाटतं. लूप शंभरातल्या बहुतेक वेळा खपून जातो. गाड्या वेळेत निघतात, मारणाऱ्याला ‘कामाचा माणूस’ म्हणतात, आणि पुढच्या वेळी त्याचाच नंबर फिरवतात. काकांना असं कुणी कधी म्हटलं नाही. त्यांच्या नावावर उशिराची मिनिटं पुष्कळ होती.

रिले रूमला दोन कुलपं का असतात, हे त्यानंतर मला नव्यानं कळलं. एक किल्ली मास्तरांकडे, एक आमच्याकडे. दोघांनी मिळूनच दार उघडायचं, वेळ आणि कारण लिहायचं. एकट्या सिग्नलवाल्याला आत शिरता येऊ नये म्हणून ही सोय आमच्याच खात्यानं आमच्याविरुद्ध केलेली आहे. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला आणि गाडी लूप लाइनवर उभ्या मालगाडीत घुसली. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीनं बोट ठेवलं ते फाटकाजवळच्या गुमटीतल्या वायरिंगवर: सर्किटात पूर्वी केलेले बदल आणि त्या दिवशी चाललेलं फाटकाचं काम. अपघातानंतर देशभर रिले रूमची दोन-दोन कुलपं तपासायचं फर्मान निघालं. आमच्या मेसमध्ये त्या आठवड्यात टीव्ही लावायचा की नाही यावरून वाद झाला.

याच जातीचा जुना अपघात आम्हाला वर्गात शिकवला होता. १२ डिसेंबर १९८८, लंडनमधलं क्लॅपहॅम जंक्शन, ३५ मृत्यू. नवी वायर टाकली, जुनी वायर एका टोकाला सुटीच राहिली. कापून बांधून ठेवायला हवी होती. नंतर शेजारी काम चालू असताना ती हलली, जुन्या जागी टेकली आणि पुढे गाडी उभी असताना सिग्नल लाल होईना. काम कुणा दुसऱ्यानं तपासलं नव्हतं, वायरी मोजल्या नव्हत्या. आणि ते काम केलेल्या तंत्रज्ञाला मागच्या तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. वर्गात हे वाक्य आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘एक तरी मिळाली.’ सर हसायचे नाहीत. चौकशी अहवालानंतर तिकडे कामाच्या तासांवर बंधनं आली, हे ते फळ्यावर लिहायचे आणि अधोरेखित करायचे.

वायरी मोजणं प्रत्यक्षात कसं असतं ते बघायचं तर रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये यावं. प्रवाशांना मेगाब्लॉक म्हणजे रद्द झालेल्या लोकल. आत तो घड्याळाशी चाललेला झगडा असतो. ब्लॉक ठरल्या वेळेत सुटला नाही तर ‘बर्स्ट’ झाला म्हणतात, आणि बर्स्ट ब्लॉकचा सोमवार फार वाईट जातो. जुन्या वायरी काढणं, नव्या जोडणं, हे तुलनेनं पटकन होतं. वेळ खातं ते टेस्टिंग, आणि घाई झाली की कातरही तिथेच लागते. एक जण रिले रूममध्ये, एक पेटीशी, उमेदवार रुळावर शंटची वायर घेऊन. ‘टी’ म्हणजे ट्रॅक सर्किट. वॉकीटॉकीवर तासन्‌तास तेच संभाषण:

‘पाच टी पाड.’

‘पाडला.’

‘पडला. सोड.’

‘सोडला.’

‘उचलला. सहा टी पाड.’

एक-एक सर्किट, एक-एक सांधा, एक-एक सिग्नलचा एक-एक रंग. पॅनलवर सांधा नॉर्मल दाखवतोय यावर कुणी विसंबत नाही. सांध्याशी माणूस उभा करतात आणि विचारतात, ‘जीभ कुठल्या बाजूला? पॅनलचं मी बघतोय, तू डोळ्यानं बघ.’ एका ब्लॉकमध्ये माझ्या पुढच्या पोरानं कंटाळून न बघताच ‘नॉर्मल’ म्हटलं. रिले रूममधल्या माणसानं तो सांधा अजून फिरवलाच नव्हता, मुद्दाम. पुढचे दोन तास त्या पोराकडून प्रत्येक सांधा बोट लावून दाखवून घेतला.

यंत्रणा पूर्णच गेली तर काय होतं, हे १७ जून २०१५ ला इटारसीनं दाखवलं. तिथल्या रूट रिले इंटरलॉकिंगच्या केबिनला आग लागली. मुंबईहून उत्तरेला जाणाऱ्या गाड्यांच्या कितीतरी वाटा त्या जंक्शनातून जातात. सांधे हातानं फिरवून, क्लॅम्प आणि कुलूप लावून गाड्या एक-एक करत सोडाव्या लागल्या. शेकडो रद्द झाल्या आणि गाडं मार्गी लागायला महिन्याहून जास्त लागला. तोवर रिले रूम कुठे असते हे आमच्या नातेवाइकांना माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात गावाला जाणाऱ्या प्रत्येकानं मला फोन करून विचारलं.

उमेदवार आणि उमेदवार यांतही फरक असतो, तो बाहेर कळत नाही. परीक्षा देऊन तंत्रज्ञ म्हणून लागलेला माणूस प्रशिक्षणात असतो, पण त्याची नोकरी पक्की. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली आलेला मुलगा त्याच पेटीत तोच हात घालतो, तीच खडी तुडवतो. मुदत संपली की प्रमाणपत्र घेऊन घरी. २० मार्च २०१८ ला सकाळच्या गर्दीत अशा मुलांनी दादर-माटुंगा दरम्यान रुळावर बसून लोकल अडवल्या. भरतीत त्यांच्यासाठी असलेली २० टक्क्यांची मर्यादा काढा, ही मागणी. मुंबईकर चिडले, आणि ते स्वाभाविकच होतं. पण यार्डात शिकलेल्या, रात्री फेल्युअरला पळालेल्या मुलाला वर्षभरानंतर ‘आभारी आहोत’ म्हणून पाठवणं हा रेल्वेचाच तोटा आहे, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. सिग्नलची नजर वर्गात येत नाही.

शेवटचं सांगायचं ते किस्सा नाही. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगावच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड काढायला गेलेले पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली गेले. बिघाडाच्या वेळी आमची माणसं ब्लॉक न घेता, चालत्या गाड्यांमध्येच रुळांवर असतात. कान फोनकडे, डोळे टर्मिनलकडे, आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीच्या आवाजात मागून येणारी ऐकू येत नाही. एकानं काम करायचं आणि एकानं फक्त गाडी बघायची, हा नियम आहे. माणसं कमी असतात तेव्हा बघणाऱ्यालाही स्पॅनर धरावा लागतो. जे कुणी या खात्यात नव्यानं येतील त्यांनी रात्रीच्या फेल्युअरला दुसरा माणूस असल्याशिवाय रुळात पाय टाकू नये, कोणाचाही फोन असो.

आणि प्रवाशांसाठी एवढंच. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये लाल सिग्नलला थांबली, कितीही उशीर झाला, तरी उडी मारून रुळातून चालू लागू नका. त्याच अंधारात आमची माणसं पेटीशी वाकलेली असतात, आणि दबकत पुढे येणाऱ्या मोटरमनला बॅटरी हातात घेतलेला मेंटेनर कोण आणि मोबाइलचा दिवा लावून चालणारा प्रवासी कोण, हे लांबून ओळखता येत नाही.